लिंबू सोडा, गोड-खारा

बालेवाडीतल्या त्या टेरेसवर
वेटर आता विचारतसुद्धा नाही.
लिंबू सोडा आणतो, गोड-खारा,
आणि शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवतो,
भरपाई द्यावी तशी.

तिसऱ्या पेगला गिरमे म्हणतो,
"तू ना, बोअर आहेस यार,"
आणि माझ्याच खांद्यावर डोकं टेकतो.
किल्ल्या माझ्याकडे. चौघांच्या.

चांदणी चौक ओलांडताना मुळीक रडला.
फ्लॅटचे तीन हप्ते थकलेत,
घरी माहीत नाही.
वारज्याला उतरला, गेटला धरून थोडा थांबला.
सोमवारी ऑफिसात हात केला,
नेहमीसारखा.

कर्वे रोडच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म दिला.
दारू: नाही. तंबाखू: नाही.
"छान," त्या म्हणाल्या,
"मग झोप कशाने उडते?"
काय सांगू,
लोक माझ्या गाडीत हलके होतात
आणि सकाळपर्यंत विसरतात.
माझ्याकडे ती सोय नाही.

परवा मुळीकचा फोन. सकाळी अकराला, शुद्धीत.
"त्या रात्री मी काही बोललो का रे?"
म्हटलं, हो.
पलीकडे बराच वेळ नुसते रिक्षांचे हॉर्न.
मग, "ये ना. चहा घेऊ."

मी चहाही घेत नाही.
गेलो.