हरवलेल्या मुलांच्या खिडकीतून

तिकिटं काढलीस ना, मारिसोल? मग आता ऐक.
पोशाख एक माप मोठा घे.
सहानंतर तळ्यावरचं वारं कुणाच्या बापाचं ऐकत नाही,
आणि स्वेटर आतून घालायचा असतो, वरून नाही.
वरून घातला की ड्रॅगनचं होतं नुसतं शाळकरी पोर,
मग रडारड, थेट पार्किंगपासून.

बूट जुने. झिजलेले. पायाची ओळख असलेले.
नवे बूट घालून आलेल्या राण्या
नऊच्या सुमाराला मी अनवाणी पाहिल्यात,
मुकुट डोक्यावर, बूट हातात.

फाटकातून आत शिरलं की सगळे उजवीकडे वळतात,
का ते त्यांनाही माहीत नाही.
तू डावीकडे वळ.
लाकडी रोलर कोस्टर पार मागच्या टोकाला,
पहिला तासभर तिथं चिटपाखरू नसतं.
गोळ्या-चॉकलेटांच्या रांगेत मात्र शेवटी उभी राहा:
सातला मोजून दोन देतात,
साडेदहाला वाटणारे दमलेले असतात,
ओंजळीनं ओततात, पिशवी धर म्हणतात.

धुक्याच्या गल्लीत भुतं अंगावर येतील.
मारू नकोस.
मागच्या साली एका पाहुण्यानं घाबरून ठोसा लगावला,
तो लागला आपल्या टायरवाल्या ड्वेनला,
दोन लेकरांचा बाप,
तासाच्या हिशेबानं किंचाळणारा.
नाकाला बर्फ लावून परत गेला बिचारा, पाळी संपायची होती.
तुझा नेस्टर भित्रा आहे, लपवू नकोस.
फाटकाशी निळ्या दिव्याची माळ मिळते, ती घाल त्याच्या गळ्यात.
माळ दिसली की भूत वाट सोडतं,
एखादं तर वाकून विचारतं,
‘बाळा, तहान लागलीय का?’

आणि आता मुद्द्याचं.
एकोणीस ऑक्टोबर मी त्या खिडकीत बसलेय,
हरवलेली मुलं, हरवलेल्या किल्ल्या,
एकदा दातांची कवळी (ती कुणीच न्यायला आलं नाही,
वाटलं असेल, सजावटीतली आहे).
एका रात्री चार वर्षांचा भोपळा आणून बसवला माझ्यापुढे.
नाक वाहतंय, देठ वाकलाय.
आई कशी दिसते रे?
‘चेटकीण.’
नाव काय आईचं?
‘मम्मी.’
मग काय, केलं जाहीर माईकवरून:
भोपळा सापडला आहे, चेटकिणीनं यावं.

बारा मिनिटांत एकतीस चेटकिणी दाराशी.
कितीजणींनी तर आपलं पोर बोटाला धरलेलं,
तरी आल्या,
आपल्याच हातातलं पोर आपलंच आहे ना,
एवढं बघायला.

भोपळा एकेकीकडे बघे आणि मान हलवी.
हिरवी नाकं, काळ्या टोप्या, सगळ्या एकाच दुकानातल्या.
एक बाई पुढे येऊन हाका मारत होती,
तर हा मागे सरकून माझ्या खुर्चीला चिकटला.
मग त्यानं खाली पाहिलं.
बुटांची ओळ. सावकाश, एका टोकापासून.
‘ती.’
तपकिरी सपाता, रुग्णालयात उभं राहून घालतात तशा,
डाव्या टाचेवर पांढऱ्या रंगाचा शिंतोडा.
हाका मारणारी तीच होती.

म्हणून सांगते, निघण्याआधी
नेस्टरला तुझे बूट नीट बघू दे.
चेहरा त्या रात्री कुणाचाच खरा नसतो.

आतषबाजी सुरू झाली की सगळी गर्दी आभाळाकडे बघते,
तेवढ्यात पाळण्यात बसून घे, रांग नसते.
आणि संपल्यावर गाडीकडे धावू नकोस.
फाटकाबाहेर पाऊण तास कुणीच हलत नाही,
थर्मासमध्ये सूप ने, काचा वर कर,
पोराला पिशवी मांडीवर उपडी करू दे.

माझी खिडकी शौचालयांच्या डाव्या हाताला,
पिवळा दिवा.
मी वेश बिश करत नाही.
दर साली कुणीतरी विचारतंच,
‘तुम्ही काय झालाय, इमोजीन?’
मी सांगते, म्हातारी.
‘हुबेहूब!’ म्हणतात.

येऊन जा.
हरवलं नसलं कुणी, तरी.