बाटली

सेआराच्या नकाशात तिथे नुसती काटेरी झुडपं आहेत.
आमचा बांध त्यात नाही.
बेलार्मिनोने, माझ्या बापाने,
अकरा शेजारी आणि चार गाढवं घेऊन तो घातला
तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.
वीतभर मातीचा थर, वर पाण्याचा शिपका,
मग शेरडं हाकायची त्यावरून,
जा-ये, जा-ये,
लेंड्यांसकट माती दाबली जाईपर्यंत.
मग पुढचा थर.

जाताना त्याने शेत भावांना दिलं.
मला ही बाटली. साध्या काचेची, बूच हरवलेली.
म्हणाला, लिंदाल्वा, भिंत पाझरते म्हणून घाबरू नको,
मातीची आहे, पाझरणारच.
रोज सकाळी पायथ्याशी जा, पाझर बाटलीत धर,
उन्हासमोर कर.
नितळ असेल तर घरी ये, कॉफी पी.
गढूळ असेल
तर भिंत आतून चालू लागली असं समज.

सव्वीस वर्षं मी कॉफी पीत आले.
मधे एकदा आर्मडिलोचं बीळ सापडलं.
चिकणमाती कोंबून बुजवलं, आर्मडिलो खाल्ला.
भिंतीवर उगवलेलं प्रत्येक रोप बोटभर असतानाच उपटलं.
झुआझेइरोला मात्र हात जड झाला,
सगळं रान करपतं तेव्हा तेवढं एक हिरवं असतं.
पण त्याची मुळं पाण्याला वाट दाखवतात.

मग सहा वर्षं भिंतीला टेकायला पाणीच आलं नाही.
बाटलीत एका कोळ्याने घर केलं.
मी राहू दिलं.

सातव्या वर्षी संत जोसेफचा दिवस कोरडा गेला,
लोकांनी बियाणं शिजवून खाल्लं,
आणि मार्च सरता सरता आठवड्याभरात
तळं सांडव्याच्या ओठाला लागलं.
सांडवा वाहिला की आमच्याकडे म्हणतात, तळ्याला रक्त आलं,
आणि फटाके उडवतात, पोरं त्या धारेत लोळतात.
त्या वर्षी रक्त आलं नाही.
पाणी नुसतं चढत राहिलं.

मी बोटाने जाळं काढलं, बाटली भरली, उन्हाला धरली.
दूध घातलेल्या कॉफीचा रंग.

सांडव्याच्या तोंडाशी रेतीची पोती, छातीपर्यंत,
वर मासळीचं जाळं ताणलेलं, आणि शेजारी अनीझिओ.
अनीझिओ चोर नाही.
त्या सहा वर्षांत त्याच्या नऊ गाई गेल्या,
शेवटचीला तो काटे जाळून निवडुंग भरवत होता, हाताने.
"सोडून देऊ?" तो म्हणाला. "हे? सोडून देऊ?"
मला काही बोलता येईना. बाटली दिली त्याच्या हातात.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग दगडावर ठेवली, जपून,
आणि पहिलं पोतं त्यानेच ओढलं.

पाणी गेलं.
खाली कितेरियाच्या बांधात, तिथून जेनेझिओच्या,
तिथून ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत त्यांच्या.
अनीझिओ चिखलात बसून ऐकत होता.
मोजत होता बहुतेक.
इकडे आम्ही बायकांनी पाझराच्या तोंडावर वाळू ओतली,
वाळूवर खडी, खडीवर दगड,
माती अडावी आणि पाणी मात्र यावं म्हणून.
नितळ व्हायला चार दिवस लागले.
तेवढे दिवस कोणी बांधाखालच्या घरांत झोपलं नाही.

ऑगस्टपासून पाणी मागे सरतं, तशी गाळपेर पुढे सरते,
चवळी, रताळी, कलिंगडाचा एखादा वेल,
ओळीमागून ओळ, पाण्याच्या पावलावर पाऊल.
अनीझिओची ओळ सगळ्यात खालची, सगळ्यात ओली.
नोव्हेंबरात कधीतरी
तो माझ्या दाराला एक पोतं टेकवून गेला. हाकही मारली नाही.
त्याच पोत्यांतलं एक. रताळी होती.
धुतली तरी दाताखाली
सांडव्याची रेती आली.