पहिली घंटा

खिशात चार पानांचं भाषण होतं.
'धैर्य' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या,
त्यातली दुसरी जरा वाकडीच गेली होती.

एक सप्टेंबर. काराजारची शाळा.
रात्रीच खिंडीत बर्फ पडून गेलेला
आणि पटांगणात पोरं उभी,
कालपरवाच वरच्या कुरणांतून उतरलेली.
पांढऱ्या सदऱ्यांना इस्त्री होती,
पण केसांना अजून शेणीच्या धुराचा वास,
गाल उन्हाने तडकलेले,
हातात डेलियाची फुलं, लगाम धरावा तशी धरलेली.

मी ओळखून आहे यांना.
हा एर्मेक. जुलैत एका रात्री
लांडग्याच्या तोंडावर याने जळतं लाकूड फेकलं,
आणि उजाडल्यावर मेंढ्या दोनदा मोजून
मगच झोपला.
ही नुरझादा. फुगलेल्या नदीत
शिंगराच्या मानेला मिठी मारून पैलतीरी गेली.
आणि हीच पोरं
फळ्यासमोर उभी केली की
खडूचा बोटांतच भुगा करतात.
मान खाली.
अपूर्णांक काय चावतो, रे?

मी तरी कुठली निराळी!
याच शाळेत, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर,
उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं
आणि मी ते गिळलं.
मागून बाकितने ठणठणीत आवाजात
चुकीचं सांगितलं.
वर्ग हसला. तोही हसला.
त्या दिवशी हुशार मी होते,
शूर तो.
आता तो खिंडीतून शाळेसाठी कोळसा आणतो.
पोत्यांचा हिशेब अजून चुकतो त्याचा,
अजूनही मोठ्याने.

असो. तर घंटेची वेळ झाली.
रीत अशी, की अकरावीतल्या थोरल्याने
पहिलीतल्या धाकटीला खांद्यावर घ्यायचं
आणि तिने घंटा वाजवत पटांगणाला फेरी मारायची.
यंदा अकरावीत एकटा तिलेक.
पुढच्या सप्टेंबरात तो कुठे असेल,
बिश्केकला, की भावांमागे मॉस्कोच्या बांधकामांवर,
त्याच्या आईला ठाऊक नाही, त्यालाही नाही.
त्याने सायकालला उचललं.
डोक्यापेक्षा मोठी पांढरी फीत,
मुठीत पितळी घंटा.

घंटा वाजेना.

सगळे थांबले. आया थांबल्या.
कुंपणावरचा कावळासुद्धा थांबला असेल,
मी काही बघितलं नाही.
सायकाल वाकली, त्याच्या कानात म्हणाली
(कानात कसली, सगळ्यांना ऐकू गेलं):
"घोड्यावर मला भीती नाही वाटत.
घोड्याला वाट ठाऊक असते.
तुला ठाऊक आहे का?"

तिलेक गप्प.
मानेवर घाम. थंडीत.
मला वाटलं, आता हा 'हो' म्हणेल.
आपण मोठी माणसं असंच तर म्हणतो.

"नाही," तो म्हणाला.
"मग?"
"मग तू वाजव. मी चालतो."

आणि तिने अशी वाजवली
की पहिला ठोका त्याच्या कानशिलावरच बसला,
तो कळवळला, गावभरची कुत्री भुंकू लागली,
आणि शाळा सुरू झाली.

मी माईकपाशी गेले.
चार पानं काढली, घडी घातली,
परत ठेवली.
म्हटलं, पोरांनो, आत चला, गारठा आहे.
ज्याला जे येत नाही
ते त्याने या वर्षी मोठ्याने सांगायचं.
मलाही पुष्कळ येत नाही. मी पण सांगेन.
एवढंच.

वर्गात माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.
चार पानं दुमडून नेमकी बसली त्याखाली.
मुरंब्याच्या बरणीत डेलिया खोचले,
फळ्यावर पहिलं गणित लिहिलं
आणि विचारलं, कुणाला नाही समजलं?

मागच्या बाकावर एर्मेकचा हात उठला,
कोपरापर्यंत.
तिथे थांबला.

मीही थांबले.