व्हॉल्व तापेपर्यंत

उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये
दस्तगीर मुल्लाणींनी बांधलेला ॲम्प,
वजन सत्तावीस किलो.
जत्रेच्या स्टेजवर चढवायला दोघं लागायचे,
अन् तिसरा, "हळू रं, काचा हाईत आत" म्हणायला.

बटण दाबलं की लगेच काही नाही.
आधी नारिंगी ठिपका, मग वास,
तापलेल्या धुळीचा, थोडा वार्निशचा.
तेवढ्यात गिटार जुळायची,
अर्धा चहा संपायचा,
निवेदक तिसऱ्यांदा सरपंचांचे आभार मानायचा.

परवा सुयोगनं डबी आणली,
जेवणाच्या डब्याएवढी.
आत म्हणे साठ ॲम्प.
"मामा, तुमचापण घातलाय, एकसष्टावा."
माईक लावून रात्रभर
एकेक सूर पाजला होता तिला.

वाजवलं.
तोच. खर्जात तीच किंचित खरखर,
वरच्या पट्टीत तारेला फुटणारा तोच घाम.
खोट काढायला बसलेला मी
गप्प.

"मागं एक गुणगुण येतीय, काढू?"

ती गुणगुण म्हणजे अर्थिंगचा दोष.
दस्तगीरभाई अकरा वर्षं शोधत होते.
"शनवारी उघडून बघू," म्हणाले
आणि त्या शनिवारी आम्ही
बागल चौकातल्या कब्रस्तानात.

"ऱ्हाऊ दे," म्हटलं.

आता कसबा बावड्यात प्रोग्राम असला
की डबी पिशवीतून नेतो.
पापणी लवायच्या आत चालू होते.
तरी दोन मिनिटं
तारांवर तळवा ठेवून थांबतो मी.
पोरं विचारतात, काय झालं?

काय नाय.
तापू दे.