आपलेच दात

ऑगस्टात, टोलीडोला येऊन नऊ दिवस झालेले,
डार्लीननं माझ्यापुढे कागद सरकवले आणि पेन.
तिच्या टेबलावर काचेचं बदक होतं.
एकतीस दिवसांच्या आत ठरव, म्हणाली,
नाहीतर वर्षभर दार बंद.

तेव्हा कळलं की या देशात
माणूस तीन कंपन्यांत वाटलेला असतो.
डोळे एकीकडे, दात दुसरीकडे,
आणि उरलेलं सगळं, काळीज, मूत्रपिंडं, करंगळ्या,
मोठ्या पॉलिसीत.
ओठ? मी विचारलं.
ओठ मेडिकलमध्ये.
जीभ? तिनं जरा विचार केला. मेडिकल.
दात मात्र नाहीत.
आपलेच दात, आपलेच ओठ, असं आमच्याकडे म्हणतात,
हे तिला इंग्रजीत सांगायला गेले
आणि मध्येच सोडून दिलं.

दातांचे महिन्याला बावीस डॉलर.
बावीस गुणिले त्र्याऐंशी.
तेव्हा अजून सगळ्यालाच गुणत होते,
कोथिंबिरीलासुद्धा.
कराडला याच दातांनी मी ऊस सोललाय,
सुतळी तोडलीय,
पैज लावून सोड्याच्या बाटलीचं बूच काढलंय.
दातांपुढे 'नाही' लिहिलं. डोळ्यांपुढेही.
तरुण आहेस, डार्लीन म्हणाली.

जानेवारीत अक्कलदाढ आली.
अठ्ठाविसाव्या वर्षी, उणे सोळात, आडवी.
प्रयोगशाळेत काच वितळवायच्या भट्टीच्या दाराशी
गाल नेऊन उभी राहायचे
सेफ्टीवाला ओरडेपर्यंत.

फोनवरचा माणूस नम्र होता.
मुदतीनंतर नाव घालायचं तर
आयुष्यात काहीतरी घडावं लागतं, म्हणाला.
लग्न झालंय का?
नाही.
बाळ?
नाही.
घटस्फोट? घरात कुणाचा मृत्यू? दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड?
नाही हो, दाढ दुखतेय.
ते यात बसत नाही, तो म्हणाला, मला वाईट वाटतं.
दाताच्या कण्या करणं म्हणजे काय
ते त्या बत्तीस मिनिटांत समजलं,
एकेका दाताला एक मिनिट.

आई व्हिडिओवर म्हणाली, लवंग धर.
मग जरा थांबून, तिकडे डॉक्टर नसतात का गं?

लवंगेचं तेल घरमालकिणीकडेही निघालं.
नवाल हद्दाद, मूळची लेबनॉनची, पंचाहत्तरीची.
मला खुर्चीत बसवलं, कापसाचा बोळा दिला,
आणि समोर बसून स्वतःची कवळी काढून
बशीत ठेवली, पुरावा ठेवावा तशी.
नवऱ्याचं गॅरेज बुडालं, विमा गेला,
सात वर्षं ती नुसती थांबली होती.
मग एका मंगळवारी सगळे काढले.
एकेक वाचवण्यापेक्षा
सगळे काढणं स्वस्त पडलं.
कवळीशिवाय तिचा चेहरा एवढासा झाला होता,
'त' आणि 'स' तोंडातून गळत होते.
थांबू नकोस, एवढं कळलं.

शिकाऊ डॉक्टरांचा दवाखाना तासभर लांब, मिशिगनमध्ये.
निम्म्याहून कमी पैसे.
मुलाचं नाव कोल्बी.
हात स्थिर होते त्याचे, आवाज थरथरत होता.
शिकवणाऱ्या बाईंनी दोनदा त्याचं कोपर सरळ केलं.
दाढ चार तुकड्यांत निघाली.

तुकडे डबीत घालून दिले.
लहानपणी पडलेला दात
शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचो.
इथे शेण कुठलं.
नवालच्या रिकाम्या गॅरेजवर हातभर बर्फ साचलेला,
माझा अर्धा ओठ बधिर, मेडिकलमधला.
चारही तुकडे फेकले.
पडल्याचा आवाज आला नाही.

नोव्हेंबरात डार्लीनचे कागद पुन्हा आले.
दातांपुढे 'हो'.
डोळ्यांपुढे पेन थांबलं. सात डॉलर.
यंदा छपाई जरा बारीक केलीय त्यांनी,
कागद नाकाशी धरला
की दिसतं.