आवाज शून्य

डबा हलका आहे. तिन्ही खेळ एकाच चकतीवर.
त्या वेळी एकेका खेळासाठी हिदेतोनं
मुरोरानच्या धक्क्यावर माकुळाच्या पेट्या उचलल्या होत्या,
आणि तिसऱ्याला पैसे कमी पडले तेव्हा
माझा चिनीमातीचा गल्ला फोडला होता,
मला न विचारता.
हे नव्यानं निघालेलं बाड मी एकटीनं घेतलं,
पगाराच्या दिवशी,
दूध आणि बाबांच्या कानातल्या यंत्राच्या सेलसोबत.

सुरुवातीलाच पडद्यावर पाटी:
जुन्या नोंदी इथे आणता येणार नाहीत.
बरं.

अंगठे मात्र काही विसरले नव्हते.
गोदामाचं दार, डावीकडे तीन पिंपं,
चौथ्या खांबामागे दबा धरायचा,
पहारेकरी वळला की सात मोजायचे,
मग मागून जाऊन गळा.
धप्प.
म्हणजे असं वाजत असावं, असं आम्ही धरून चालायचो.
आमच्या घरी त्या खेळाला आवाजच नव्हता.

बाबा भट्टीवर, कायम रात्रपाळी.
सकाळी यायचे ते तापल्या लोखंडाचा वास घेऊन,
दोन वाट्या भात, वर गरम मिसो,
की सरकत्या दाराआड आडवे.
दार म्हणजे काय, कागद.
शाळेतून आलो की आम्ही आधी
आवाजाची पट्टी शून्यावर ओढायचो.
हिदेतो खेळायचा, मी कानोसा घ्यायची,
पडद्यातला नाही, पलीकडचा.
खोकला. पाण्याच्या भांड्यावर नख.
अंथरूण सरकलं की त्याच्या पाठीवर एक बोट:
थांब.
तो थांबायचा, सावलीतला माणूसही थांबायचा
उकिडवा, गुडघ्यांवर बर्फ घेऊन.
दोन घरं, तीन चोर,
आणि सगळ्यांचा जीव माझ्या एका बोटात.

आज हेडफोन लावला
तर पहारेकरी गात होता.

पहिल्या मजल्यावरचा तो, मी शंभरदा लोळवलेला,
एक ओळ म्हणतो, पुढची विसरतो,
पुन्हा पहिल्यापासून.
छतावरचा वायरलेसवर विचारतो, जेवलास का रे.
आणि जिन्याखालचा, सर्दी झालेला,
कोणीच नसताना सांगत असतो
की ह्या बुटांत पाणी शिरतं,
साहेबांना तीनदा सांगून झालं.
मी त्याच्या मानेपर्यंत पोचले होते.
तो बोलायचा थांबेल म्हणून थांबले.
तो वळला.
मग ती घंटा. एवढी मोठी घंटा होती होय त्यात!
हेडफोन काढून भिरकावला, त्याची वायर सुटली,
आणि सगळं गोदाम आमच्या खोलीत बोंबलू लागलं.

बाबा आले. एक्क्याऐंशी वर्षांचे,
भिंतीला हात लावत, यंत्र एकाच कानात.
ओरडले नाहीत. बसले.
मी पट्टी शून्याकडे नेत होते तर म्हणाले,
राहू दे, बरं ऐकू येतंय.

थोड्या वेळानं: हा माणूस खांबामागे का बघत नाही?
म्हटलं, त्याला तेवढंच शिकवलंय.
त्यावर त्यांनी मान हलवली, सावकाश,
जसा एक कामगार दुसऱ्याबद्दल हलवतो.

मग म्हणाले, तुमची बटणं ऐकू यायची मला.
टक टक, टक टक.
एकदम बंद झाली की कळायचं
आपण कूस बदलली.
मग?
मग काय. हलायचं नाही.

मी हिदेतोला कळवलं: पहारेकरी गातात.
तो योकोहामात, बहुतेक कामावर असेल.
उत्तर नाही.

बाबांनी विचारलं,
त्या बुटांचं पुढे काय झालं?
खेळ पुन्हा सुरू केला. पिंपं, खांब,
जिन्याखाली जाऊन सात मोजले,
आठ, नऊ.
तो अजून साहेबांबद्दलच बोलत होता.
बाबांनी चांगला कान त्याच्याकडे केला.