कंसातलं

चर्चच्या हॉलमागच्या खोलीत सहा खुर्च्या, एक हीटर
आणि झेरॉक्सची ऊब अजून न निवलेल्या सहा प्रती.
पात्रं वाटून झाली. माझ्या वाट्याला आलं
कंसातलं.

'अट्रॅक्टा, तुझा आवाज सपाट आहे, बरा पडेल,' ओर्ला म्हणाली.
एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलं
की आवाज सपाट होतोच.
तार वाचून दाखवताना तो वर-खाली करून चालत नाही.

(मेयोतलं एक स्वयंपाकघर. उजाडायला अवकाश आहे.)
(बाप किटली ठेवतो. वर मुलाची पावलं.)

लिहिणारा डब्लिनचा कोणी पोरगा, राहतो बर्लिनला.
त्याला कसं कळलं कोण जाणे,
की आमच्याकडचे बाप निरोपाच्या दिवशी
गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल बोलतात.
पाच पानं नुसती टायरवर,
मग मेंढ्या, मग कौन्सिलने न बुजवलेला खड्डा.
उरलेलं सगळं माझ्याकडे:
(बायकोच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो.)
(काहीतरी बोलणार असतो.)
(बोलत नाही.)

बाप वाचतोय फेस्टी मलकेरिन,
बोट ओळीखाली, शाळेत ठेवायचा तसं.
मुलगा वाचतोय टिअरनन, पेट्रोल पंपावरचा.
मार्चमध्ये तो खरोखरच कॅनडाला चाललाय.
वाणसामानाची यादी वाचावी तसा भराभर वाचतो
आणि मधेच विचारतो,
'यात एवढं काय आहे? रोज व्हिडिओ कॉल असतो की.'
नोरीन बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवते.

पान एकेचाळीस.
(बाप मुलाची बॅग उचलतो. जड आहे हे दिसू देत नाही.)
वाचून मी थांबले. पुढची ओळ फेस्टीची.
हीटर टकटकत राहिला.
'हे चुकलंय,' फेस्टी म्हणाला.
'काय, छपाई?'
'बॅग नाही उचलली.
मी गोठ्यात गेलो. गाय व्यायला आलीय म्हणालो.

आली नव्हती.'

ओर्लाची पेन्सिल हवेत तशीच.
मी प्रतीत डोकं घातलं.
कोलमनची पत्रं माझ्याच हातून गेली होती:
पहिल्या वर्षी अकरा, दुसऱ्या वर्षी चार,
मग नाताळचं कार्ड, त्यावर नुसती सही.
आणि हा दर महिन्याला यायचा, पर्थचं तिकीट घ्यायचा,
माझ्यासमोर जिभेने ओलं करून चिकटवायचा,
आणि पेटीपर्यंत जाऊन
पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घालायचा.
मी मागच्या माणसाला म्हणायचे, 'बोला, काय हवंय?'
त्या गावात खिडकीमागे मीही
एक कंसच होते.

फेस्टीने चष्मा पुसला. ओळ शोधली.
'डाव्या मागच्या टायरात हवा कमी आहे,' त्याने वाचलं.
मघाशी याच ओळीला आम्ही हसलो होतो.
टिअरननची पाळी आली, तर त्याला पान सापडेना.

एप्रिलमध्ये प्रयोग. तेव्हा कंस कोणी वाचत नसतं;
मी दारात तिकिटं फाडीन, मध्यंतराचा चहा बघीन.

खुर्च्या रचल्या. दिवे मी मालवले.
पायरीवर फेस्टी उभा, टोपी हातात, पाऊस बारीक.
'पर्थला आता किती वाजले असतील?'
पोस्ट बंद होऊन नऊ वर्षं झाली,
तरी असलं सगळं मलाच विचारतात.
'आठ तास पुढे. सकाळचे सहा.'
'लवकर आहे.'
'कामावर जाणारी माणसं उठतात सहाला.'
'उठतात,' तो म्हणाला. 'दूधवाले तर चारलाच.'
मग दूधवाल्यांबद्दल बोलला. मग हॉलच्या गटाराबद्दल.

(तिच्या हातात किल्ली. कुलूप लावत नाही.)